बाबांच्या मेलमधले फोटो

काळेवाडी,
१२ ऑक्टोबर २०२५

चि. विजयश्रीस, ताईचे आशीर्वाद, रुसव्यासकट.

फोनवर माझा आवाज चढतो आणि तुझा रडका होतो, म्हणून लिहिते आहे. तुझं वाकड इथून हाकेवर, तरी पोस्टाचं तिकीट लावावं लागतंय.

पुढच्या महिन्यात बाबांचं वर्षश्राद्ध. भिंतीवर लावायला माझ्याकडे त्यांचा आधार कार्डावरचा सोडून एक फोटो नाही. शेवटची काही वर्षं ते राहिले माझ्याकडे, पण कॉम्प्युटर शिकले तुझ्यासाठी. तू तेव्हा बेंगळुरूला होतीस, तर दर रविवारी तुला फोटो घालून मेल. मला कधी चिठ्ठीसुद्धा नाही. मी चाकणहून शिफ्ट करून दमून यायचे, तर खोलीतून म्हणायचे, विजूला लिहितोय, थांब जरा. मी भाजी फोडणीला टाकायचे आणि आतून जळायचे. स्पष्टच सांगते.

कितीदा मागितल्यावर तू एक फोटो पाठवलास, तोही नखाएवढा. एहसानभाईंच्या स्टुडिओत नेला, तर ते म्हणाले, मोठा केला की नुसते ठिपके दिसतील, मूळ फोटो आणा. शिवाय त्यात बाबा नाहीतच, माझा ओटा आणि ओट्याशी पाठमोरी मी. चांगले फोटो स्वतःकडे ठेवून ओटा मला धाडलास ना?

लोभ कमी झालेला नाही, सध्या फुगून बसला आहे.
तुझी,
वर्षाली


वाकड,
१८ ऑक्टोबर २०२५

ती. सौ. ताईस, वाकून नमस्कार. धपाटा पुढच्या भेटीपर्यंत राखून ठेव.

तुझं पत्र वाचून आधी चिडले, मग कामाला लागले. बाबांनी फोटो मेलला वेगळे जोडलेच नव्हते, लिहिता लिहिता मजकुरातच चिकटवले होते. मी मोबाइलवर स्क्रीनशॉट काढला, म्हणून तो बारीक आला. ऑफिसातल्या अजिंक्यने दाखवलं की मेल कॉम्प्युटरवर उघडायचा, एकेका फोटोवर माउसचं उजवं बटण दाबायचं आणि सेव्ह करायचा. काल अख्खी रात्र तेच केलं. पेनड्राइव्ह सोबत आहे.

आता खरं ऐक. एकाही फोटोत बाबा नाहीत. फोटो तेच काढत होते ना. सगळीकडे तू आहेस. कंपनीच्या बसमधून उतरताना, केस वाळवताना, मटार सोलता सोलता बसल्या जागी झोपलेली. मला वाटायचं मेल मला येतात. पहिल्या ओळीत माझी चौकशी, मग पानभर तू. एका रविवारी मी रागाने उत्तरच दिलं नाही. तू एकटीच जळत होतीस असं समजू नकोस. तुला बाबा रोज समोर दिसत होते आणि मी परक्या गावात बसून तुझं कौतुक वाचत होते. म्हणून हे फोटो द्यायला हात होत नव्हता.

मटारच्या फोटोखाली त्यांनी लिहिलंय, "वर्षालीच्या तोंडावर बोलता येत नाही. काही बोलायला गेलो की ती विचारते, चहा हवाय का. म्हणून तुला लिहितो. बघ, किती छान दिसते."

राग उतरला की कळव, नाही उतरला तरी कळव.
तुझी,
विजू


काळेवाडी,
२४ ऑक्टोबर २०२५

चि. विजूस, पोटभर आशीर्वाद.

पेनड्राइव्ह मिळाला. एहसानभाईंनी सगळे फोटो मोठे करून दिले आणि श्राद्धाला यातला कुठला लावणार म्हणून विचारलं. मला हसू आलं आणि दुकानातच रडूही आलं. स्वतःच्याच फोटोला हार कसा घालू? भिंतीवर आधार कार्डावरचेच बाबा लागतील.

मला वाटायचं, मी घरात आले तरी ते मान वर करून बघत नाहीत. ते एवढं बघत होते, हे मला कुणी सांगितलं नाही. तूही नाही.

तुझ्यावर मी अजून जळते. ते शब्द त्यांनी तुला लिहिले, मला नाही. श्राद्धाच्या आदल्या दिवशीच राहायला ये आणि सगळे मेल मला मोठ्याने वाचून दाखव. पहिली ओळ तुझी आहे, ती मनात वाच.

तुझीच,
ताई