बार्बराचा गहू आणि मुनाची सोयरीक

प्रिय नसीबदादा,

तुला आणि वहिनींना नजलाचा वाकून नमस्कार. तुझा गुडघा आता काय म्हणतो? मेलबर्नात सध्या ऊन मी म्हणत असेल. इथे आमच्या डोंगरावर बर्फ पडलंय, शेगडीपासून उठवत नाही, पण सगळे सुखरूप आहेत आणि (आधी खुर्चीत नीट बस) आमच्या लेकीचं, मुनाचं लग्न ठरलं. ठरलं म्हणजे ठरलं, मोडलं आणि परत ठरलं. मधले दिवस कसे काढले ते माझं मला ठाऊक!

झालं असं, की संत बार्बराच्या सणाला मुलाची आई, अफीफाबाई, पहिल्यांदाच आपल्याकडे आल्या. (पलीकडच्या खोऱ्यातलं घराणं. मुलगा जिर्यस सुतारकाम करतो. हात सोन्याचा, पण आईसमोर तोंड शिवलेलं.) मी गहू शिजवून त्यात बडीशेप, अक्रोड, डाळिंबाचे दाणे घालून वाडगे भरभरून दिले. खाणं उरकल्यावर बशीत ओला कापूस पसरून गहू पेरायला घेतला, म्हणजे नाताळपर्यंत हिरवागार होऊन चर्चमधल्या गोठ्यात बाळ येशूपुढे ठेवता येतो. ते बघून बाईंना भरतं आलं. म्हणाल्या, जिवावर उठलेल्या बापापासून पळताना बार्बरा शिरली ती त्यांच्याच गावच्या शेतात. नुकता पेरलेला गहू डोळ्यांदेखत पुरुषभर वाढला आणि त्याने तिला पोटात घेतलं. तेव्हापासून ही पेरणी. आता यावर नुसतं 'वा!' म्हणायला काय जात होतं? पण तुझे मेहुणे पडले वाचनवेडे.

"छे हो, ही चाल बार्बराच्या कितीतरी आधीची," हे म्हणाले. "आपल्या किनाऱ्यावरच्या बायका मेलेल्या देवासाठी कुंड्यांत असंच धान्य पेरायच्या आणि रडायच्या. आपण फक्त नाव बदललं."

बाईंनी चमचा खाली ठेवला. "म्हणजे आम्ही मूर्तिपूजक?"

"तसे आपण सगळेच. थोडे थोडे."

(ते 'थोडे थोडे' मी मेल्यावरही विसरणार नाही.) बाई उठल्या, शाल झटकली आणि म्हणाल्या, "आता बार्बराच काय ते दाखवील. नाताळला तुमची बशी हिरवी दिसली तर सोयरीक. नाहीतर माझ्या जिर्यसला मुलींची वाण नाही!" जिर्यसने तोंड उघडलं, आईने त्याच्याकडे पाहिलं, त्याने ते मिटलं.

त्या दिवसापासून मुनाने बापाशी अबोला धरला. आमचं घर म्हणजे त्या बशीचं इस्पितळ झालं. मी पाणी घालायचे, माझ्या नकळत मुना घालायची आणि दोघींच्या नकळत हे. व्हायचं तेच झालं. गहू कुजला आणि बशीला ओल्या मोज्यांसारखा वास सुटला. ईस्टरखेरीज चर्चची पायरी न चढणारे तुझे मेहुणे एका सकाळी बशीपुढे हात जोडून बसलेले दिसले. "बार्बरामाई, जीभ माझी घसरली, पोरीला कशाला शिक्षा?" असं पुटपुटत होते. मला हसू येईना, रडूही येईना.

नाताळच्या आदल्या दिवशी दारावर थाप पडली. बर्फ तुडवत अफीफाबाई हजर, शालीखाली काहीतरी झाकलेलं.

"आधी दार लावा," त्या कुजबुजल्या, आणि शालीतून बशी काढली. एक कोंब असेल तर शपथ! घाईघाईत त्यांनी खिरीसाठी उकडलेला, भांड्यातलाच गहू पेरला होता. "गावभर फुशारकी मारून बसलेय हो. तुमच्यातला अर्धा द्या, कुणाला सांगू नका."

मी आमची बशी पुढे केली. त्यांनी वास घेतला, मटकन खाली बसल्या आणि अशा हसत सुटल्या की मला त्यांना पाणी द्यावं लागलं. मग आम्ही दोघी शालीआड कात्री घेऊन मागच्या बांधावर गेलो, भिंतीच्या आडोशाला बर्फातून वाचलेलं गवत मुळांसकट उपटलं, कापसात रोवलं, शेंडे कातरून सारखे केले आणि वर लाल फीत बांधली.

"जरा दाट लावा, विहीणबाई," त्या म्हणाल्या. "देवापुढे जायचंय."

विहीणबाई! दादा, छातीवरचा धोंडा उतरला रे. हातातलं गवत टाकून मी तिथेच, चिखलात, त्यांच्या गळ्यात पडले. आत जाऊन सांगितलं तर मुनाने आधी बापाला मिठी मारली. एक बशी त्यांच्या चर्चमध्ये गेली, एक आपल्या. हे आता छातीवर हात ठेवून सांगतात, की बार्बरा विहीणबाईंच्याच शेतात लपली होती, आणि कुठल्या बांधाला तेही सांगतात.

लग्न ईस्टरनंतर. तू आला नाहीस तर मी बोलणार नाही.

तुझी,
नजला

ता. क. : आपल्या बशीतला गहू पाहून पाद्रीबाबा थक्क झाले. इतकं नाजूक पातं कधी पाहिलं नाही, बियाणं कुठलं, म्हणाले. माझ्या तोंडून गेलं, "दादाने ऑस्ट्रेलियाहून धाडलं." आता सगळ्या गावाला तेच हवंय. तेव्हा येताना पोतंभर गहू आण. कसलाही चालेल. (खरं म्हणजे एवढ्यासाठीच पत्र लिहायला बसले.)

पुन्हा ता. क. : पाद्रीबाबा तुला स्वतंत्र पत्र लिहिणार आहेत. विहीणबाईंनीही आपल्या गावात ऑस्ट्रेलियाचंच नाव घेतलं, आणि तिथे आता सगळे सांगतात, की बार्बरा बापापासून पळत पळत थेट मेलबर्नपर्यंत गेली होती. बाबांनी विचारलं तर नाही म्हणू नकोस.