सी शिफ्टचा आठवडा

३ नोव्हेंबर
शुक्रवारी कंपनीचं क्वार्टर सोडायचं, उतई गावातल्या घरी जायचं. बांधाबांध अर्धी झाली. स्वयंपाकघराच्या दारावरचा सुनीलचा बोर्ड अजून काढला नाही. हातच जात नाही. पत्त्यांच्या जोडाएवढा कॉम्प्युटर, त्याला चार बोटांचा पडदा. वर तारीख, खाली शिफ्ट. एक आठवडा ए, मग बी, मग सी, मधे ऑफ. मिलमधल्या त्याच्या ड्यूटीप्रमाणे त्यानेच बसवलेलं. नवरा गेला, बोर्ड आपला त्याच्या शिफ्टा लावतोच आहे.

या आठवड्यात सी, म्हणजे नाइट. सुनीलच्या आईंनी कुकर लावला नाही. पातेल्यात डाळ शिजवत बसल्या. नाइट करून आलेला माणूस झोपला असताना शिटी होऊ द्यायची नाही, आमच्या स्ट्रीटमध्ये घरोघरी हेच. पण आता झोपलंय कोण?

९ नोव्हें. उतई
बोर्ड लावला. या बोर्डाला स्वतःचं घड्याळ नाही, वेळ नेटवरून घेतो. इथे इंटरनेटची केबल नाही म्हणून सिविक सेंटरच्या बाजारातून मोबाइलचं नेट पकडायला वायफायची काडी आणली. सुनीलने टाकलेला कर्नल, म्हणजे बोर्डाची मूळ सिस्टिम, जुना; तो काडीला ओळखतच नाही. लाइट गेली की बोर्ड पुन्हा क्वार्टर सोडल्याच्या तारखेवर, ७ वर. आणि इथे लाइट रोज जाते.

१४ नोव्हें.
पडद्यावर अजून ७ तारीख. सी. आई पातेलं ढवळता ढवळता म्हणाल्या, "याची नाइट संपूनच नाही राहिली."
मी मागच्या अंगणात जाऊन उगाच वाळलेले कपडे पुन्हा झटकले.

१८ नोव्हें.
नवा कर्नल टाकला तर काडी चालेल, तारीख बरोबर येईल. पण पडदा चालवणारा प्रोग्राम, त्याचा ड्रायव्हर, सुनीलने जुन्या कर्नलसाठी स्वतः कंपाइल करून बनवलेला. नव्यावर चालणार नाही. म्हणजे पडदा ठेवायचा तर ७ तारखेतच राहायचं. शाळेत कॉम्प्युटर शिकवताना पोरांना छातीठोक सांगते, अपडेट करत जा रे. स्वतःवर आलं की...
रडले. बाथरूममध्ये, नळ सोडून.

२२ नोव्हें.
केलं. आधी बोर्डातलं मेमरी कार्ड दुसऱ्या कार्डावर उतरवलं, जुनं जपून ठेवलं, मग नव्यावर अपडेट, मग रीबूट. लॅपटॉपवरून पाहिलं: नवा कर्नल, नेट आलं, तारीख आजची. पडदा पांढराफटक.
त्याच्या हातची एक गोष्ट चालू होती, ती मी माझ्या हाताने बंद केली. मग त्याच्यावरच चिडले. मनातल्या मनात नाही नाही ते बोलले त्याला. तुला कोणी सांगितलं होतं एवढ्या लवकर जायला.

२५ नोव्हें.
आई पडद्यापुढे उभ्या. "आज कोनती शिफ्ट आहे वं?"
हिशोब मलाही येतो. कालपासून पुन्हा सी. "ऑफ," म्हटलं. कुकर लागावा म्हणून.
लावला त्यांनी. शिटी झाली. सीच्या आठवड्यात शिटी, पहिल्यांदाच. मी पोळी लाटता लाटता थांबले. आई गॅसजवळ तशाच.
"सी आहे आज," त्या म्हणाल्या. "मले बी मोजता येते."
"मग कुकर कावून लावला?"
"तू ऑफ म्हनलं ना."
मग गॅस बारीक करत, "उठली का आधी तू तो पडदाच पाहे. मले वाटे, शिटी झाली तर हिच्या जिवाले लागन. म्हनून नाही लावो."
आणि मी समजत होते, आईंच्यासाठी बोर्ड चालू ठेवलाय.
पोळी करपली. तीच खाल्ली दोघींनी.

२८ नोव्हें.
आईंनी विचारलं, "तो पडदा आता चालूच नाही होत का?"
ड्रायव्हर नव्या कर्नलसाठी पुन्हा कंपाइल करावा लागेल. मी कधी केलं नाही. सुनील बाजूला बसवून दाखवायचा, मी जांभया द्यायची. "होईल बहुतेक," म्हटलं.
"मंग त्याच्यावर काय दाखवशीन?"
सुनीलचं जुनं कार्ड माझ्या पर्समध्येच आहे. ते घातलं की पडदा लागेल, ७ तारखेवर.