शर्ट जळला तरी

भवाने,

देवाशपथ, यातलं अक्षरन्अक्षर खरं आहे. पाळीच्या आधी मीठ-कॉफी कमी कर, दर तीन तासांनी थोडं खा, असं डॉक्टरीणबाई तुला म्हणाल्या तेव्हा मी फिदीफिदी हसले होते; तू मात्र ते पाळलंस. गेल्या महिन्यात याच दिवसांत तू गार चहावरून घर सोडून निघाली होतीस. आज आईनं इस्त्री करताना तुझा मुलाखतीचा शर्ट जाळला, तर म्हणालीस, "असू दे गं आई, दुसरा घालते." मी आ वासून बघतच राहिले. तुझ्या वयात मी आजोबांवर ताट भिरकावलं होतं, ते अजून खाली आलेलं नाही.

डब्यात अंडी आणि केळं आहे, आत जाण्याआधी खा. मी बदाम आणायला जातेय.

आजी

ताटाची तेवढी थाप. मी मोरीत बसून रडायचे. आम्हाला कुणी काही सांगितलंच नव्हतं गं.