मुऱ्हाळी कोण जाणार?

तीर्थरूप मालनआत्यास,

धनश्रीचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. (इथे नगरच्या हॉस्टेलात तुझे पाय नसल्यामुळे डोकं टेबलावर टेकवलं. माझ्या खोलीतल्या दिपालीने लगेच विचारलं, गोळी देऊ का.) तू बरी असशील. मामांचा (म्हणजे तुझ्या कारभाऱ्यांचा) गुडघा थंडीत जास्त दुखत असेल. यंदा पेरूला बहर कसा आहे? हे सगळं फोनवर विचारता आलं असतं, हे मला कळतं. दिवाळीपासून मी अकरा वेळा तुझा नंबर काढला आणि अकराही वेळा मोबाईल उशीखाली ठेवला. पत्राचं बरं असतं. ते मध्येच ‘हं’ म्हणत नाही.

आमच्या बी.ए.ला यंदा सामाजिक मानसशास्त्र आहे. चारचौघांत माणूस कसा वागतो, ते त्यात शिकवतात. ते शिकायला लागल्यापासून माझा घास सुखाने घशाखाली उतरत नाही. मेसमधली आमटी म्हणजे हळद घातलेलं पाणी असतं, पण पहिली मुलगी ‘छान आहे’ म्हणाली की ओळीतल्या सगळ्या तेच म्हणतात. याला अनुरूपता म्हणतात. हे मला कळलं त्या दिवशी मी ठरवलं की आपण खरं बोलायचं. माझी पाळी आली, वाढणाऱ्या बनुबाईंनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी ‘फारच छान’ म्हणाले. (वर आणखी एक वाटी मागून घेतली.) मग नळाचं प्रकरण झालं. एका रात्री व्हरांड्यातला नळ सुरू राहिला होता. मुली येत होत्या, नळाकडे बघून जात होत्या. प्रत्येकीला वाटत होतं, दुसरी कोणी बंद करेल. जितकी माणसं जास्त, तितकी प्रत्येकाच्या वाट्याला जबाबदारी कमी, याला जबाबदारीची वाटणी म्हणतात, आणि आमच्या पुस्तकात तिच्यावर अख्खं प्रकरण आहे. मला इतका आनंद झाला की मी दारात उभी राहून मुली मोजल्या. बावीस. खोलीत येऊन वहीत तारीख घालून टिपून ठेवल्या. सकाळी टाकी कोरडी. वॉर्डनबाईंनी सगळ्यांना उभं केलं तेव्हा मी पुढे होऊन त्यांना ती कल्पना नीट समजावून सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग विचारलं, “आणि तू काय करत होतीस गं?” त्या दिवशी खालच्या हौदातून वर बादल्या मीच वाहिल्या. तेविसावी मी होते, ते मी वहीत लिहिलंच नव्हतं.

आता भाऊबीजेचं लिहिते.

आपल्याकडे लेक माहेरी आपली आपण येत नाही. माहेरचं बोलावणं घेऊन मुऱ्हाळी जातो, ‘मूळ आलंय’ म्हणतो, मग ती निघते. तुला न्यायला दर वर्षी कोणीतरी राहात्याला आलंच. यंदा वसुबारसेला मी घरी देवळालीला पोहोचले आणि बाबांना विचारलं, आत्याला आणायला कोण जाणार? बाबा म्हणाले, “आप्पा जातीन की. त्यांना तिकडं मार्केटात कामच हाय.” थोरले आप्पा म्हणाले, “भागवत काय मला सांगायची वाट बघतोय का? गेला आसंल.” आणि त्यांचा भागवत, म्हणजे आमचे बाबा, तर समोर ओट्यावर दाढी करत होते. आप्पांच्या वाल्मिकदादाला वाटलं, आता मोबाईल आहेत, तिला फोन गेला असेल. आईला वाटलं, भावाभावांत आपण कशाला बोला. कोणी काळजीत दिसत नव्हतं, म्हणून सगळे निवांत होते. भाऊबीजेला पाट मांडले, रांगोळी झाली, आरतीत वात भिजवली, आणि मग अंघोळ करून आलेल्या दोन्ही भावांनी एकमेकांकडे बघितलं. शेवटी आप्पा म्हणाले, “तिला यायचंच नसंल. लेकाचं नवं घर झालंय, आता आपली काय गरज.” (आपण चुकलो की परिस्थिती तशी होती, आणि दुसरा चुकला की त्याचा स्वभावच तसा. यालाही नाव आहे. आरोपण दोष.) दुसऱ्या दिवशी तू परिवाराच्या ग्रुपमधून बाहेर पडलीस. ते एकेचाळीस जणांनी पाहिलं. कोणी एक अक्षर टाकलं नाही. संध्याकाळी आप्पांनी ऊसतोडीचा व्हिडिओ टाकला, त्याला सव्वीस अंगठे आले.

आत्या, आता जे लिहिते ते वाचून तू हे पत्र चुलीत घातलंस तरी चालेल. मला वसुबारसेलाच सगळं कळलं होतं. कोणी जाणार नाही, हे मला दिसत होतं. आणि मी काय केलं? वही काढली. पाच दिवस रोज कोण काय म्हणालं ते लिहिलं. त्याचाच प्रकल्प करून दिला. वीसपैकी अठरा गुण पडले आणि मॅडमनी समासात लिहिलं, ‘उदाहरण घरगुती, पण नेमके.’ मी तो शेरा तीन वेळा वाचला आणि मला तुझं स्वयंपाकघर आठवलं. आई आजारी होती तेव्हा दोन वर्षं तू मला राहात्याला ठेवून घेतलंस. शाळेत नाव घालायच्या आधी पेरूच्या खोक्यांवर खडूने अक्षरं काढून दिलीस. मी ‘पे’ गिरवायचे, तू पेरू भरायचीस. सांडलेलं काही मी नुसतं दाखवलं की म्हणायचीस, “दिसलं ना तुला? मग आता ते तुझं काम.” हे मला सहाव्या वर्षी येत होतं. विसाव्या वर्षी त्याचं प्रकरण पाठ झालं आणि ते येईनासं झालं.

भाऊबीजेला तू नवं पातळ नेसून कुठे बसली होतीस? ओट्यावर की आत? प्रत्येक मोटारसायकलच्या आवाजाला उठत होतीस का? हे मी रोज मनात बघते, आणि त्याला आमच्या पुस्तकात नाव नाही. मी शोधलं.

मामांना नमस्कार. राग असेल तर पूर्ण ठेव, अर्धा नको.

तुझीच,
धनश्री

ता. क. मामांच्या गुडघ्याला लावायला निर्गुडीचं तेल पाठवते आहे. खरं तर पत्राचं मुख्य कारण तेच.

ता. क. २ पत्र टाकलंच नाही, आणि तेलाचं खोटं आहे. रविवारी घरी गेले तेव्हा ‘कोण जाणार’ असं विचारलंच नाही, ‘मी जाते’ म्हणाले. आप्पा हसायला लागले, “आगं, बाईमाणूस मुऱ्हाळी जातं व्हय? फेटा लागतो त्याला!” मी म्हणाले, मग बांधा. त्यांना वाटलं मी लाजून पळेन, म्हणून त्यांनी खरोखर बांधला. सोडायचा कसा ते मला येत नाही, म्हणून तसाच घालून राहुरीहून एसटीत बसले आहे. पुस्तकात लिहिलंय, आपल्याला वाटतं तितकं लोक आपल्याकडे बघत नसतात. कोल्हारच्या पुलापर्यंत कंडक्टरने दोनदा विचारलं, “ताई, लग्न कुणाचं हाय?” या मुद्द्यावर पुस्तक चुकलं आहे.

ता. क. ३ तुझ्या ओट्यावर अर्धा तास बसून आहे. शेजारच्या काकू दोनदा डोकावून गेल्या. आतून तुझा आवाज येतोय, मामांना चहासाठी ओरडते आहेस. हे पत्र दाराखालून आत सरकवते आणि कडी वाजवते. समोर आलीस की मला बोलता येणार नाही, म्हणून इथेच लिहून टाकते. आत्या, मूळ आलंय. चल.