तेलाची बाटली

लस्साद,

तुझ्या आईला, उम्मींना सांग, मी ट्यूनिसला बहिणीकडे गेलेय. खरं तर मी तिथल्या हॉस्पिटलात असेन. गर्भाशयाच्या तोंडाशी कॅन्सर आहे. लवकर सापडला, उद्या ऑपरेशन.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हा शरीरसंबंधातून येणाऱ्या विषाणूमुळे होतो. तो वर्षानुवर्षं गप्प राहतो, त्यामुळे कुणाकडून कधी आला ते कळत नाही. म्हणून मी काही विचारणार नाही. तूही सांगू नकोस.

पण तोच विषाणू घशातही कॅन्सर करतो. उम्मींच्या तेल चोळण्यानं तुझ्या मानेवरची गाठ जाणार असती, तर एव्हाना मानच विरघळली असती. आजच घशाच्या डॉक्टरांना दाखव.

शोर्बा फ्रीजमध्ये आहे.

तेलाची बाटली मी सोबत नेतेय.

बसमा