सान्यालसाहेबांचा तांबडा शेरा

ईलिंग, ६ मार्च २००४

ती. प्रमोदिनीकाकूंना श्रीकांतचा साष्टांग नमस्कार.

गुडघे कसे आहेत? मी पाठवलेलं मलम तुम्ही शेजारणींना वाटून टाकलंत, असं तुमच्या गिरीशनं कळवलं. मी ठणठणीत आहे. निवृत्त डॉक्टरला आजारी पडायला सवड कुठली? दर शनिवारी मी कारकून असतो, तोही शेफाली सान्याल यांचा. आपल्या जिल्ह्याच्या पहिल्या बाई कलेक्टर, बंगालीत कथा लिहिणाऱ्या, रघुवीरकाकांच्या साहेब. (तुमच्या घरात बाईंचं नाव काढायचं नाही, ठाऊक आहे, पण पत्र फाडू नका.)

बाई आता शहाऐंशीच्या, इथं विलायतेतच एका वृद्धाश्रमात असतात. हात कापतो, म्हणून आत्मचरित्र त्या सांगतात आणि मी उतरवतो. मराठीत का, तर जिथं नोकरी केली तिथल्यांनी ते तपासावं म्हणून. शेरा मात्र स्वतः मारतात, तांबड्या शाईत. त्यांच्या बालपणात मी हौसेनं एक नदी घातली, तर समासात शेरा: ‘नदी घरापासून किती मैल? चर्चा करा.’ चर्चेत दोन शनिवार गेले. डाळ पातळ झाली म्हणून त्यांनी आचाऱ्याला लेखी विचारणा केली. बिचारा आता डाळीबरोबर खुलासाही पाठवतो.

पण त्या बोलायला लागल्या की मी पुन्हा दहा वर्षांचा होतो. कचेरीतलं कडुनिंबाचं झाड, काकांच्या कोटावरचे शाईचे डाग. बाई रुजू झाल्या तेव्हा त्यांना काय म्हणावं यावर अख्खी कचेरी अडली होती, आणि काकांनी टिपणी लिहिली होती, ‘खुर्चीत बसेल ते साहेब.’ काकू, मला त्या दिवसांची फार आठवण येते.

तुमचा,
श्रीकांत

ता. क. मलम पुन्हा पाठवतोय. या खेपेला स्वतः लावा.

ता. क. २. खरं काम हे. तळ्याच्या जमिनीचा बाईंचा हुकूम नियमाला धरून नाही, असं काकांनी फायलीवर लिहिलं आणि आठ दिवसांत बाईंनी त्यांची बदली केली. त्या बदलीपायी तुमची शाळेतली नोकरी सुटली ती कायमची. गेल्या शनिवारी बाईंनी हे सगळं सांगितलं. म्हणाल्या, “रघुवीरराव बरोबर होते. मला तेव्हाच कळलं होतं. त्यांच्या पत्नीचा जबाब आल्याशिवाय हे छापू नका.”

काकू, जबाब रागाचा असला तरी चालेल. पण पत्र लिहू नका, फोन करा. टपालाला आठ दिवस लागतात. आज बाईंची नाडी पाहिली, आणि मी डॉक्टर आहे.