दिव्यांचे गळपट्टे

शुक्रवार, १४ नोव्हेंबर, संध्याकाळ

प्रिय मावशी,

नमस्कार. मी ठीक आहे. खोकला गेला. घरमालकीणबाईंनी अखेर नळ दुरुस्त करून घेतला, त्यामुळे आता बादली रात्रभर टपटपत नाही. हॉस्पिटलमध्ये नवं यंत्र आलं आहे आणि ते शिकायची जबाबदारी माझ्यावर आहे. जेवण वेळेवर होतं. तू विचारणार म्हणून आधीच लिहिलं.

तुझी चौदावी कविता सोमवारी मिळाली. नेहमीप्रमाणे मागच्या बाजूला उत्तर लिहून ठेवलं होतं: 'चेतनगुणोक्ती. दहापैकी आठ.' ते पाठवलेलं नाही. पाठवणारही नाही.

काल एक शिंपीकाका तपासणीला आले होते. आमची नजरेची तपासणी कशी असते ते तुला मी कधी नीट सांगितलंच नाही. माणसाने एका पांढऱ्या वाडग्यात तोंड घालून समोरच्या ठिपक्याकडे बघत राहायचं. कडेला कुठेही बारीकसा उजेड चमकला की हातातलं बटण दाबायचं. जिथे उजेड चमकूनही बटण दाबलं जात नाही, तिथे कागदावर काळं उमटतं. काकांनी फारच कमी वेळा दाबलं. मी विचारलं, "काका, त्रास काय होतो?"

म्हणाले, "ताई, त्रास असा नाही. सुईत दोरा अजून मीच ओवतो. पण माणसं आता बाजूने चालत येतच नाहीत. एकदम समोर उगवतात. परवा गिऱ्हाईक असं उगवलं की सुई बोटात गेली. बायको म्हणते, तुमचं लक्ष नसतं."

मी ते टाइप केलं. 'उगवतात' लिहिताना मनात आपोआप आलं: रूपक. आणि माझे हात थांबले. काका म्हणाले, "झालं का, ताई?" मी हो म्हटलं. त्यांचा कागद छापून बाहेर आला. मधे चार बोटांएवढं पांढरं, बाकी सगळं काळं.

मावशी, 'माणसं आता चालत येत नाहीत, समोर उगवतात' ही तुझ्या पाचव्या कवितेतली ओळ आहे.

घरी येऊन चौदाच्या चौदा काढल्या आणि टेबलावर तारखेने लावल्या. तू लिहिलेलं एका बाजूला, मी दिलेलं उत्तर दुसऱ्या बाजूला. 'संध्याकाळी दिवे रंगीत गळपट्टे बांधून बसतात': चेतनगुणोक्ती. 'दिवस कलला की संध्याकाळ माझ्या भुवईवर हातोडी घेऊन बसते': पुन्हा चेतनगुणोक्ती, कल्पना छान. 'घर कडेकडेने विरत चाललं आहे': अतिशयोक्ती, आणि खाली मी शहाणपणाने लिहिलंय, 'विषय एकटेपणा'. पाचवीपुढे 'रूपक' लिहून सात गुण दिलेत.

मी आठवीत असताना तू मला ओट्याशी उभं करून अलंकार शिकवलेस. 'सारखा', 'गत' दिसलं की उपमा. 'जणू' आलं की उत्प्रेक्षा. दोन वस्तूंत फरकच उरला नाही की रूपक. निर्जीव वस्तू माणसासारखी वागली की चेतनगुणोक्ती. शेवटी स्वभावोक्ती आली. जे जसं आहे ते तसंच, पण नेमकं सांगायचं. मी वाद घातला होता की हा अलंकारच नाही, यात सजवलंय काय? तू मला चिडवायच्या नावाने म्हणालीस, "मोजपट्टे, जसंच्या तसं दिसायला किती बघावं लागतं ते एकदा करून बघ." मला तो अलंकार कधी ओळखता आला नाही. परीक्षेतही तेवढाच चुकला होता.

चौदा कविता, आणि त्यात एकही कल्पना नव्हती. मी सहा वर्षं रोज हेच मोजते. अनोळखी माणसाने यातली एक ओळ जरी माझ्यासमोर बसून सांगितली असती, तरी मी खुर्चीवरून उठले असते आणि डॉक्टरीणबाईंच्या दारावर टकटक केली असती. तू दोन वर्षं लिहून पाठवत होतीस आणि मी गुण देत होते.

काल तुला फोन केला तो म्हणूनच. नवीन काही लिहिलंस का, हे विचारायला नव्हता. तुला आठवत असेल, मी विचारलं होतं, "दिव्याभोवतीचे ते रंग तू कल्पनेने लिहिलेस की खरंच दिसतात?"

तू केवढी हसलीस. "दिसतात म्हणजे काय, डोळ्यांसमोर असतात गं! एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या कवितांची चिरफाड केली. स्वतःला एक ओळ सुचली नाही कधी. आता नुसता दिवा लावायचा अवकाश! उशिरा का होईना, माझ्यावर मेहेरबानी झाली बघ. आणि तू आपली कोरडी ठक्क. सात गुण म्हणे!"

मग तू वाचनालयातल्या कार्यक्रमाचं सांगितलंस. पुढच्या महिन्यात सगळ्यांसमोर वाचणार, कुठली साडी नेसणार तेसुद्धा ठरलंय. मी म्हटलं, छान. डोळा आत्ता दुखतोय का, लाल आहे का, मळमळतंय का, एवढं विचारलं. तू म्हणालीस, "नाही गं बाई, काय झालंय तुला?" मी फोन ठेवला. जे सांगायला फोन केला होता ते सांगितलं नाही.

आणखी एक आहे. ते लिहिल्याशिवाय हे पत्र खोटं ठरेल.

फेब्रुवारीत तू विचारलं होतंस, "एकदा तुझ्या मशीनवर माझे डोळे बघशील का?" मी म्हटलं, चष्म्याचा नंबर बदलला असेल, जवळच्या दुकानात दाखव. तू दाखवलंस. त्यांनी तक्ता वाचायला लावला, तू तो खालच्या ओळीपर्यंत वाचलास, आणि त्यांनी सगळं उत्तम म्हणून परत पाठवलं. तक्ता वाचता येणारच. मधली नजर शेवटी जाते. हे पत्रही तुला सहज वाचता येतंय, आणि त्यावरून काहीही सिद्ध होत नाही.

तेव्हा मला वेळ नव्हता असं मी सांगितलं. वेळ होता. तू आलीस की सगळ्यांना सांगणार, आईच्या माघारी मी नऊ वर्षांची तुझ्याकडे आले तेव्हा कपाटात बसून रडायचे वगैरे. ते मला तिथे नको होतं. एवढंच कारण होतं.

शनिवार, सकाळी साडेसहा

पत्र पोस्टात टाकणार होते. तीन दिवस लागतील. स्वतः घेऊन येते. समोर बसून मला बोलता येणार नाही, माझा आवाज बिघडला की तू मलाच समजवायला लागशील. म्हणून तू खिडकीशी बसून वाच. मी स्वयंपाकघरात थांबते.

काल रात्री डॉक्टरीणबाईंच्या घरी जाऊन सगळं सांगितलं. कविता दाखवल्या. त्यांनी चौदाही वाचल्या आणि चष्मा काढून म्हणाल्या, "इतका स्वच्छ इतिहास मला कुठल्याच पेशंटने दिलेला नाही. उद्याच आणा. आज रात्री दुखलं किंवा लाल झालं तर रात्रीच." निदान त्या करतील, मी नुसती मोजते. पण तू मला सरळ विचारशील, म्हणून सरळ लिहिते. काचबिंदू असावा. डोळ्यातलं पाणी बाहेर जायची वाट अरुंद झाली की आत दाब चढतो. तो चढला की दिव्यांभोवती रंग दिसतात आणि भुवई ठणकते. पुन्हा पुन्हा चढत राहिला की मागची नस मरत जाते, आणि नजर कडेने जायला लागते.

गेलेली नजर परत येत नाही. उरलेली राखता येते. लेसरने एक बारीक छिद्र पाडतात, दहा मिनिटांचं काम. त्यानंतर रोज थेंब घालायचे.

दाब उतरला की रंग दिसणार नाहीत. दिवे साधे दिसतील. तुला दोन वर्षं मिळालेलं ते मी आज काढून घ्यायला आले आहे, आणि त्याच्या बदल्यात ओळी सुचत राहतील की नाही हे मोजायचं यंत्र माझ्याकडे नाही. कालपासून मी तुला न दुखावणारं एक वाक्य शोधते आहे. सापडलं नाही.

गाडी खाली थांबवून ठेवली आहे. साडेबाराची वेळ घेतली आहे. वाचनालयात काय सांगायचं, कविता वाचायच्या की नाही, हे तू ठरव, पण उद्यापासून. माझ्यावर ओरडायचं असेल तर गाडीत ओरड. अडीच तासांचा रस्ता आहे, मी मधे बोलणार नाही. मला माफ केलं नाहीस तरी चालेल. फक्त चल.

तुझ्या हाकेची वाट बघत, भिंतीपलीकडे उभी असलेली,
तुझीच